गुठळी विरघळली म्हणाले, मग धाप का थांबत नाही?

पायाला प्लास्टर होतं, किंवा नुकतंच बाळंतपण झालं होतं, किंवा पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. मग एक दिवस अचानक छातीत दुखलं, श्वास पुरेना, आणि दवाखान्यात सांगितलं की फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली आहे. इंजेक्शनं झाली, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या, माणूस घरी आला. गोष्ट इथवर आली की घरातल्यांना वाटतं, संकट टळलं. बहुतेकांच्या बाबतीत ते खरंही असतं.

पण काही घरांमध्ये तीन-चार महिने गोळ्या घेऊनही पूर्वीसारखं चालणं जमत नाही. बेळगावात कपिलेश्वर मंदिराकडून स्टेशनपर्यंत सहज चालत जाणारा माणूस मध्ये दोनदा थांबतो. घरचा जिना चढला की बोलता येत नाही. या धापेला आपल्याकडे लगेच दुसरी कारणं चिकटतात. निपाणीकडची, विडी वळणारी बाई असेल तर तंबाखूची धूळ. खानापूरच्या पावसातलं गाव असेल तर गारठा. वजन जास्त असेल तर वजन, साठी ओलांडली असेल तर वय. "मावशी, एवढ्या आजारातून उठलाय, अशक्तपणा राहणारच," असं आपुलकीनं सांगितलं जातं आणि मावशी ते ऐकून आणखी वर्षभर गप्प बसतात. दम्याचा पंप दिला जातो, रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या जातात. त्यानं थोडंसंही बरं वाटत नाही, तरी तेच चालू राहतं.

या धापेमागे एक नेमका आजार असू शकतो. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांमध्ये जुन्या गुठळ्या तशाच राहून तिथला दाब वाढण्याचा. डॉक्टरी कागदावर तो 'क्रॉनिक थ्रोम्बोएम्बोलिक पल्मनरी हायपरटेन्शन' या लांबलचक नावाच्या 'सीटीईपीएच' या आद्याक्षरांनी लिहिलेला असतो. फुप्फुसातला दाब वाढवणारे आजार बरेच आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांवर आयुष्यभर औषधंच घ्यावी लागतात. हा आजार मात्र निराळा आहे, कारण योग्य रुग्णात शस्त्रक्रिया करून दाबाचं मूळ कारणच बाहेर काढता येतं. म्हणून तो ओळखायचा राहिला तर हळहळ जास्त वाटते.

गुठळीचं पुढं काय होतं

बहुतेक वेळा गुठळी पायाच्या किंवा कमरेखालच्या खोल शिरेत तयार होते. तिथून सुटली की रक्ताबरोबर वर जाते, हृदयाच्या उजव्या बाजूला पोचते आणि फुप्फुसात जाणाऱ्या धमनीत अडकते. शरीराकडे ती विरघळवण्याची स्वतःची यंत्रणा आहे. रक्त पातळ करणारी औषधं नवी गुठळी होऊ देत नाहीत आणि तेवढ्या सवडीत शरीर जुनी गुठळी हळूहळू संपवतं. काही आठवडे ते तीन महिने एवढ्या काळात बहुतेकांच्या वाहिन्या मोकळ्या होतात.

गुठळीतून वाचलेल्या शंभर जणांपैकी साधारण दोन ते चार जणांत हे काम अर्धवट राहतं. उरलेला भाग मऊ, लाल गुठळी राहत नाही. त्यात तंतू वाढतात, तो वाहिनीच्या आतल्या अस्तराला चिकटतो आणि घट्ट, पांढरट व्रणासारखा होतो. कुठं वाहिनी पूर्ण बंद होते, कुठं अरुंद होते, कुठं आत आडवे पडदे आणि जाळ्या तयार होतात. हा पदार्थ आता रक्त उरलेलाच नसतो. त्यामुळं कितीही महिने गोळ्या घेतल्या, किंवा गुठळी विरघळवणारं मोठं इंजेक्शन दिलं, तरी तो जात नाही. नातेवाईक नेहमी विचारतात, "पहिल्या वेळी इंजेक्शननं बरं वाटलं होतं, आता का देत नाही?" त्याचं उत्तर हे.

शरीरातलं सगळं रक्त दर फेरीत फुप्फुसातून जातं. निरोगी फुप्फुसधमनीत सरासरी दाब साधारण १४ मिलिमीटर पारा असतो. दंडावर मोजतो त्या रक्तदाबाची सरासरी ९०च्या आसपास धरली, तर हा दाब किती कमी आहे ते कळेल. एवढ्या कमी दाबावर काम करायचं म्हणून हृदयाचा उजवा कप्पा पातळ भिंतीचा असतो. आता निम्म्या वाटा बंद झाल्या की तेवढंच रक्त उरलेल्या वाटांतून जातं. विश्रांतीच्या वेळी सरासरी दाब २०च्या वर असेल तर तो वाढलेला समजतात. पूर्वी ही रेघ २५ वर होती, अलीकडे ती खाली आणली आहे. जादा प्रवाह सोसून उरलेल्या बारीक वाहिन्यांच्या भिंतीही जाड होत जातात, म्हणजे जिथं गुठळी कधीच नव्हती तिथंही आजार पसरतो. उजवा कप्पा आधी जाड होतो, मग फुगतो, मग थकतो. त्या वेळी पायांवर सूज येते, पोटात पाणी होतं, चढ चढताना डोळ्यांपुढं अंधारी येते, कुणाला चक्कर येऊन शुद्ध हरपते.

फसवणारी गोष्ट अशी की पहिल्या गुठळीनंतर काही महिने, कधी काही वर्षंसुद्धा, माणसाला अगदी बरं वाटू शकतं. या आजाराच्या रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत दिसलं आहे की पहिल्या लक्षणापासून निदान होईपर्यंत मध्यम काळ चौदा महिन्यांचा होता. आणि सुमारे चौथा हिस्सा रुग्णांना आपल्याला कधी गुठळी झाली होती हे माहीतच नसतं. त्यांना थेट धापच लागते.

कुणाला धोका जास्त? पहिली गुठळी फार मोठी होती किंवा उपचार उशिरा सुरू झाला, पुन्हा पुन्हा गुठळ्या झाल्या, प्लीहा काढून टाकलेली आहे, आतड्याला दीर्घकाळ सूज आहे, थायरॉईडच्या कमतरतेसाठी गोळ्या चालू आहेत, कर्करोग होऊन गेला आहे, किंवा रक्तात गुठळी होण्याची विशिष्ट प्रवृत्ती आहे, अशांना. यांतलं काही असेल तर डॉक्टरांना न विचारता आपणहून सांगावं.

पहिली पायरी टूडी एकोची

गुठळीच्या उपचाराला तीन महिने झाले आणि धाप आहे, तर पहिली तपासणी हृदयाचा टूडी एको. आपल्याकडे तालुक्याच्या ठिकाणीही तो होतो, सुई नाही, किरण नाहीत. उजवा कप्पा मोठा झाला आहे का, मधला पडदा डाव्या बाजूला ढकलला जातो आहे का, आणि झडपेतून मागं येणाऱ्या रक्ताच्या वेगावरून दाब अंदाजे किती, हे त्यातून कळतं.

तो अंदाज असतो, हे लक्षात ठेवावं. एको दाब वाढल्याची शंका दाखवतो, दाब का वाढला ते सांगत नाही. शिवाय एको साधारण बरा आला तरी धाप टिकून असेल तर विषय तिथं संपवू नये. काही रुग्णांत जुन्या गुठळ्या असतात, विश्रांतीच्या वेळी दाब वाढलेला नसतो, पण चालताना त्रास होतोच.

व्ही-क्यू स्कॅन: ज्याचं नाव फार थोड्यांनी ऐकलंय

मला या लेखात सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते या तपासणीबद्दल. सीमाभागातल्या रुग्णांच्या फायली बघताना मला त्यात एक्स-रे सापडतात, दोन-तीन एको सापडतात, सीटी अँजिओ (शिरेतून औषध सोडून काढलेला फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी) सापडतो. फुप्फुसात हवा आणि रक्त कुठं पोचतं ते दाखवणारा व्ही-क्यू स्कॅन मात्र बहुतेक वेळा नसतो. आणि जुन्या गुठळ्यांच्या आजारात जगभरच्या मार्गदर्शक सूचना छाननीसाठी आधी याच तपासणीचं नाव घेतात.

सीटी अँजिओ आणि हा स्कॅन यांतला फरक उसाला पाटानं पाणी देणाऱ्याला चटकन कळेल. पाणी पोचलं की नाही हे दोन तऱ्हांनी बघता येतं. पाटाच्या कडेनं चालत जाऊन माती कुठं अडकली ते शोधायचं, किंवा सरळ रानात शिरून कोणती सरी कोरडी राहिली ते बघायचं. सीटी पहिलं काम करतो, व्ही-क्यू दुसरं. पाटातला मोठा अडथळा दिसतो, पण पुढच्या लहान फाट्यांतले पातळ पडदे नजरेतून सुटतात. कोरडी सरी सुटत नाही.

ही तपासणी अशी होते. दंडातल्या शिरेतून अल्ब्युमिन या प्रथिनाचे अतिसूक्ष्म कण देतात. त्यांना टेक्नेशियम हा किरणोत्सारी पदार्थ जोडलेला असतो. हे कण केशवाहिन्यांपेक्षा किंचित मोठे, त्यामुळं रक्त जिथं जिथं पोचतं तिथं ते थोडा वेळ थांबतात. फुप्फुसात केशवाहिन्या कोट्यवधी आहेत आणि कण काही लाख, म्हणून त्यानं रक्तपुरवठा अडत नाही, आणि काही तासांत ते कण मोडून शरीराबाहेर जातात. दाब फार वाढलेला असेल तर कणांची संख्या आणखी कमी ठेवतात. गॅमा कॅमेरा या कणांचं चित्र घेतो, म्हणजे रक्ताचा नकाशा तयार होतो. दुसऱ्या भागात किरणोत्सारी वाफ किंवा वायू श्वासातून घ्यायला सांगतात, त्यातून हवेचा नकाशा मिळतो. टेक्नेशियमची शक्ती सहा तासांत निम्मी होते. किरणांची मात्रा साधारणपणे सीटीपेक्षा कमी असते. मूल अंगावर पीत असेल किंवा दिवस गेल्याची शंका असेल तर आधी सांगायचं, एवढी काळजी पुरे.

मग दोन नकाशे शेजारी ठेवतात. फुप्फुसाचा एखादा पाचरीसारखा भाग हवेच्या चित्रात भरलेला आणि रक्ताच्या चित्रात रिकामा असेल, तर तिथं हवा जाते आहे पण रक्त जात नाही. ही जुन्या गुठळीची खूण. दम्यात किंवा विडी-सिगारेटनं खराब झालेल्या फुप्फुसात हवा आणि रक्त दोन्ही एकाच जागी कमी होतात. म्हणून "तंबाखूमुळं आहे की गुठळीमुळं?" या निपाणीकडच्या प्रश्नाला ही तपासणी पुष्कळदा सरळ उत्तर देते. फुप्फुस आधीच फार खराब असेल तर मात्र चित्र वाचणं अवघड होतं.

२००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात फुप्फुसाचा दाब वाढलेल्या २२७ रुग्णांच्या दोन्ही तपासण्या ताडून पाहिल्या होत्या. जुन्या गुठळ्यांचे रुग्ण ओळखण्यात व्ही-क्यू ९६ टक्क्यांच्या पुढं होता आणि त्या काळचा सीटी ५१ टक्क्यांवर थांबला होता. आजची सीटी यंत्रं खूप सुधारली आहेत आणि सराव असलेल्या डॉक्टरांच्या हातात ती पुष्कळ पकडतात. तरीही नियम तोच राहिला आहे: व्ही-क्यू स्कॅन पूर्ण नॉर्मल आला तर हा आजार जवळजवळ नक्की नाही. सीटीत "गुठळी नाही" असं लिहिलं असेल तर एवढ्या खात्रीनं म्हणता येत नाही.

स्कॅनमध्ये दोष दिसला म्हणजे गुठळीच, असंही धरू नये. क्षयरोगानं सुजलेल्या किंवा व्रण झालेल्या गाठी छातीच्या मध्यभागी फुप्फुसधमनीला बाहेरून आवळू शकतात. तरुण बायकांमध्ये दिसणारा ताकायासू नावाचा धमन्यांचा दाह असाच फसवतो. क्वचित धमनीच्या आत कर्करोगाची गाठ असते. हे वेगळं ओळखायला सीटी लागतोच. म्हणून दोन्ही तपासण्या एकमेकींच्या जोडीनं लागतात.

व्ही-क्यू प्रत्येक शहरात होत नाही. त्याला न्यूक्लिअर मेडिसिन विभाग लागतो, आणि औषध ताजं तयार करावं लागत असल्यानं ठरावीक वारीच तपासणी होऊ शकते. बेळगाव, कोल्हापूर, मिरज, हुबळी, जिथं जायचं तिथं आधी फोन करून विचारावं. तपासणी होते का, कोणत्या दिवशी, आणि हवेचा भागही करतात की फक्त रक्ताचा. फक्त रक्ताचा भाग झाला तरी उपयोग आहे, पण मग त्याच्या जोडीला छातीचा ताजा एक्स-रे किंवा सीटी हवाच.

सीटी वाचणाऱ्याला काय दिसतं

ताजी गुठळी सीटीत वाहिनीच्या मध्यभागी दिसते. भोवतीनं पांढरं औषध वाहतं आणि वाहिनी तिथं थोडी फुगलेली असते. जुनी गुठळी भिंतीला चिकटून असते, वाहिनी आकसलेली असते, कुठं एकदम टोकदार संपते, कुठं आत दोरीसारखा पडदा दिसतो. फुप्फुसात काही भाग गडद, काही फिके असा ठिपक्याठिपक्यांचा रंग येतो. बंद वाटेला पर्याय म्हणून श्वासनलिकांच्या धमन्या जाड होतात. मुख्य फुप्फुसधमनी रुंद होते.

पहिल्या दिवशी तातडीनं काढलेल्या सीटीतच यांतल्या काही खुणा असू शकतात. म्हणजे त्या दिवशीची गुठळी खरं तर पहिली नव्हती, आजार आधीपासून चालू होता. त्या धावपळीत कुणाचं लक्ष त्याकडं जात नाही, आणि ते समजण्यासारखं आहे. पण त्या सीटीची सीडी जपून ठेवली असेल तर तीन महिन्यांनी दुसरा डॉक्टर ती पुन्हा बघू शकतो. कागदावर छापलेल्या चार चित्रांत हे दिसत नाही. फिल्म घेताना सीडीही मागून घ्या, आणि ती उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवू नका.

शेवटची मोठी तपासणी म्हणजे मानेतल्या किंवा जांघेतल्या शिरेतून बारीक नळी उजव्या हृदयात नेऊन दाब प्रत्यक्ष मोजणं. त्याच वेळी धमनीत औषध सोडून चित्रं घेतात. हृदयाच्या डाव्या बाजूमुळं दाब वाढला आहे का, हेही इथं कळतं. भूल बहुधा फक्त त्या जागेपुरती असते. "अँजिओग्राफी झाली आहे" असं सांगताना मात्र नीट सांगावं. हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी वेगळी आणि फुप्फुसाची वेगळी. पहिली नॉर्मल आली म्हणजे दुसरी नॉर्मल, असं होत नाही.

उपचार

रक्त पातळ करणारी गोळी आयुष्यभर. यात घासाघीस नाही. ऑपरेशन झालं, फुगा घातला, बरं वाटलं, तरी ती चालूच राहते, कारण नवी गुठळी आधीच अरुंद झालेल्या वाटांत पडली तर जिवावर बेततं. वॉरफेरिन किंवा ॲसिट्रॉम घेत असाल तर आयएनआर ही रक्ततपासणी नियमानं करायची आणि आकडा बहुतेकांत २ ते ३ च्या मध्ये ठेवायचा. मेथी, पालक, शेपू बंद करायची गरज नाही. दर आठवड्याला साधारण सारख्या प्रमाणात खाव्यात, एकदम महिनाभर बंद आणि मग रोज असं करू नये. सांधे दुखले म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन आणून घेणं धोक्याचं आहे, रक्तस्राव होऊ शकतो. गावातल्या डॉक्टरांकडं ताप-अंगदुखीला कमरेत इंजेक्शन घ्यायची आपल्याकडे सवय आहे. ही गोळी चालू असताना त्या जागी आत रक्त साठू शकतं, म्हणून आधी गोळीचं नाव सांगावं. काढा, चूर्ण, पानांचा रस घेत असाल तर तेही डॉक्टरांपासून लपवू नये. रिव्हारॉक्साबॅन, एपिक्साबॅन अशा नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही, पण रक्तात अँटिफॉस्फोलिपिड नावाचा दोष सापडला असेल तर जुनीच गोळी जास्त सुरक्षित मानतात. म्हणून ती रक्ततपासणी एकदा व्हायलाच हवी.

आता शस्त्रक्रिया. मराठीत तिला सुटसुटीत नाव नाही. डॉक्टर 'एंडार्टरेक्टमी' म्हणतात. फुप्फुसधमनी उघडून तिच्या आतल्या अस्तरासकट चिकटलेला जुना पदार्थ सोलून काढायचा. छातीचं मधलं हाड उघडून, हृदय-फुप्फुस यंत्र लावून हे करतात. अडचण अशी की हृदय थांबवलं तरी श्वासनलिकांच्या धमन्यांतून रक्त मागून येत राहतं आणि सर्जनला आतली बारीक फांदी दिसत नाही. म्हणून रुग्णाचं शरीर हळूहळू थंड करून १८ ते २० अंश सेल्सियसपर्यंत आणतात आणि मग रक्ताभिसरण पूर्ण थांबवतात. एका वेळी साधारण वीस मिनिटंच. एवढ्या थंडीत मेंदूची प्राणवायूची गरज इतकी कमी होते की ही वीस मिनिटं सुरक्षित काढता येतात. तेवढ्यात सर्जन अस्तराच्या नेमक्या थरात शिरतो आणि फांद्याफांद्यांत शिरलेला तो व्रण ओढत ओढत बाहेर काढतो. मग रक्ताभिसरण पुन्हा सुरू, थोडी विश्रांती, आणि दुसऱ्या फुप्फुसाची पाळी. थर उथळ पडला तर पदार्थ मागं राहतो, खोल गेला तर धमनी फाटते. सगळं कौशल्य त्या थरात आहे.

अमेरिकेत सॅन दिएगोच्या विद्यापीठात १९७० मध्ये नीना ब्राउनवाल्ड या महिला सर्जननं तिथली अशी पहिली शस्त्रक्रिया केली आणि पुढं तेच केंद्र जगाचं शिकण्याचं ठिकाण झालं. सराव असलेल्या केंद्रांत आज शस्त्रक्रियेत मृत्यू येण्याचं प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली आहे, सर्वांत अनुभवी केंद्रांत दोन-तीन टक्के. सराव नसलेल्या ठिकाणी हा आकडा लागू होत नाही, आणि म्हणूनच "जवळ कुठं होईल?" यापेक्षा "तुमच्याकडे अशा किती शस्त्रक्रिया होतात?" हा प्रश्न आधी विचारावा. विचारायला संकोच वाटतो, पण चांगला सर्जन याला रागावत नाही. बेळगावहून जाणाऱ्यांसाठी बेंगळुरूचं नारायण हृदयालय हे या शस्त्रक्रियेचा मोठा अनुभव असलेलं केंद्र आहे. शस्त्रक्रियेनंतर पहिले काही दिवस जपावे लागतात. इतके महिने कोरड्या असलेल्या भागात एकदम रक्त शिरल्यानं तिथं पाणी होऊ शकतं आणि श्वासाच्या यंत्रावर थोडं जास्त राहावं लागतं. ते ओलांडलं की बहुतेकांचा दाब त्याच आठवड्यात खूप खाली आलेला असतो.

सगळ्यांची शस्त्रक्रिया होत नाही. पदार्थ फार बारीक, दूरच्या फांद्यांत असेल, किंवा शरीर ती झेपण्याजोगं नसेल, तर फुग्याचा उपचार करतात. जांघेतून किंवा मानेतून नळी नेऊन अरुंद फांदीत बारीक फुगा फुगवायचा. आतले पडदे फाटतात, व्रण भिंतीकडं दाबला जातो, वाट मोकळी होते. हृदयाच्या अँजिओप्लास्टीसारखा स्टेंट इथं सहसा बसवत नाहीत. एका दिवसात सगळं उघडलं तर फुप्फुसाला इजा होते, म्हणून काही आठवड्यांच्या अंतरानं चार-सहा वेळा यावं लागतं. २००१ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी १८ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला तेव्हा गुंतागुंत बरीच होती. पुढं जपानी डॉक्टरांनी लहान फुगे, थोड्या फांद्या, जास्त फेऱ्या अशी पद्धत बसवली आणि उपचार खूप सुरक्षित झाला. खोकल्यातून रक्त पडणं हा तरीही राहणारा धोका. दूरच्या रुग्णानं फेऱ्यांचा खर्च आणि मुक्काम सुरुवातीलाच हिशेबात धरावा, मध्येच सोडला तर अर्धाच फायदा.

औषधांत रायोसिग्वॅट हे खास या आजारासाठी तपासलेलं आहे. २०१३ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. ज्यांची शस्त्रक्रिया होऊ शकत नव्हती किंवा होऊनही दाब उरला होता, अशांच्या चाचणीत सोळा आठवड्यांनी सहा मिनिटांत चाललेलं अंतर खोटी गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत सरासरी ४६ मीटरनं वाढलं. ही गोळी वाट उघडत नाही, उरलेल्या बारीक वाहिन्या सैल करते. सिल्डेनाफिल चालू असेल तर तिच्याबरोबर घेता येत नाही, रक्तदाब धोकादायक खाली जातो. छातीत दुखण्यावर जिभेखाली ठेवायच्या नायट्रेटच्या गोळीबरोबरही नाही. आपल्याकडे दाबासाठी सिल्डेनाफिल आधीच सुरू केलेलं असतं, म्हणून जुन्या गोळ्यांची पाकिटं नव्या डॉक्टरांसमोर ठेवावीत. गरोदरपणात ही गोळी चालत नाही, वॉरफेरिनही बाळाला अपाय करू शकते, आणि या आजारात गरोदरपण आईच्या जिवालाच धोक्याचं असतं. सून किंवा लेक रुग्ण असेल तर कुटुंबनियोजनाचं बोलणं पहिल्याच भेटीत व्हायला हवं. लाजून ते टाळल्याचं दुःख नंतर फार मोठं असतं.

माझं मत ठाम आहे: शस्त्रक्रिया होऊ शकते का, हे सर्जनसह बसणाऱ्या अनुभवी टीमनं ठरवण्याआधी नुसत्या गोळ्यांवर वर्ष घालवू नये. गोळीनं थोडं बरं वाटतं आणि तेवढ्यात उजवं हृदय थकत जातं.

आपल्या भागातल्या फायलीबद्दल

सीमाभागातल्या रुग्णाची फाईल तीन-चार गावांत विखुरलेली असते. पहिली गुठळी मिरजेत सापडली, एको बेळगावात, सीटी कोल्हापुरात, मुलगा पुण्यात म्हणून एक भेट तिथं. सरकारी कागद कन्नडमध्ये, रिपोर्ट इंग्रजीत, आणि घरात ते वाचून दाखवायला कॉलेजला जाणारी नात. बेंगळुरूत पोचल्यावर तिथल्या डॉक्टरांना यातून तारखा शोधाव्या लागतात. म्हणून एका कोऱ्या कागदावर हे लिहून फाईलच्या अगदी वर लावावं: पहिली गुठळी कोणत्या महिन्यात, त्याआधी काय झालं होतं, रक्त पातळ करणारी गोळी कोणत्या तारखेपासून आणि मध्ये किती दिवस बंद पडली, पूर्वी किती चालता येत होतं आणि आता किती, पायांवर सूज कधीपासून, चक्कर कधी आली. "जिना चढता येत नाही" यापेक्षा "दहा पायऱ्यांवर थांबावं लागतं" हे डॉक्टरांच्या जास्त उपयोगाचं.

पैशांचं आधी विचारावं. कर्नाटकात आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेखाली मोठ्या उपचारांसाठी सहसा सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र लागतं, ते बेंगळुरूला निघण्याआधीच जिल्हा रुग्णालयातून घेतलेलं बरं. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला. आपलं गाव त्यात आहे का आणि हा विशिष्ट उपचार त्या दवाखान्यात योजनेत बसतो का, हे दोन्ही लेखी विचारून घ्यावं. योजनेच्या कार्डावरचं आणि रिपोर्टवरचं नाव एकसारखं आहे का, तेही बघावं. एकीकडं आडनाव आणि दुसरीकडं गावाचं नाव असं झालं की काउंटरवर अख्खा दिवस जातो.

प्रवासात दर दोन तासांनी पाय हलवावेत, पाणी प्यावं, गोळीची वेळ चुकवू नये. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून विमानानं जायचं असेल आणि बोटाला लावून मोजलेला प्राणवायू बसल्याजागी कमी दिसत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं.

आणि वाटेत किंवा घरी अचानक धाप वाढली, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त पडलं किंवा शुद्ध हरपली, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करून जवळच्या मोठ्या दवाखान्यात जायचं आणि दारातच सांगायचं, फुप्फुसातल्या जुन्या गुठळ्यांचा रुग्ण आहे, रक्त पातळ करणारी अमुक गोळी चालू आहे, शेवटची आज इतक्या वाजता घेतली.